फडावरून परतलेली लेकरं, त्यांना येणारं गणित आणि आपली शाळा

बालाघाटची बाई | ४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकते. लांबेल, सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते चौथी, द्विशिक्षकी, पट ४१. दिवाळी झाली की हजेरीपटावर ४१ नावं तशीच राहतात आणि वर्गात वीस-बावीस लेकरं उरतात. बाकीची आईबापाबरोबर ऊसतोडीला. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. काहींची आजी घरी असते, हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो, ती राहतात. ज्यांच्या घराला कुलूपच लागतं त्यांना कोण ठेवून घेणार? आणि थोरली पोरगी तर हमखास जाते, कारण कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड हातात देतो, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावं. तिकडं किती दिवस शाळेत बसली, ते परत आल्यावर पाटीवर दिसतं.

यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चौथीतली एक मुलगी परत आली. हातांवर पाचटाचे ओरखडे, केस उन्हानं तांबूस झालेले. वाचन बघावं म्हणून दुसरीचा उतारा दिला. सुट्या अक्षरांवरून बोट फिरवत गेली, काना-वेलांटी कशीबशी ओढली आणि जोडाक्षर आलं तशी गप्प झाली. मी वहीत तिच्या नावापुढं ‘शब्द पातळी’ लिहिलं. दिवाळीआधी हीच पोर अख्खी गोष्ट वाचत होती.

दुपारी खिचडी खाऊन झाल्यावर ओट्यावर पोरींचा घोळका जमला होता. ही सांगत होती, बाकीच्या ऐकत होत्या. फडावर ती उसाचं वाढं गोळा करून पेंढ्या बांधायची आणि म्हशीवाल्यांना विकायची. “पाच रुपयाला येक पेंढी. त्या दिशी बारा इकल्या. पर दोन वाळल्या व्हत्या, त्या चारानं दिल्या.” मी मध्येच विचारलं, मग किती आले गं? ती लगेच म्हणाली, “बारा पाचे साठ, दोन सोडले, अठ्ठावन.”

असं गणित पुस्तकात लिहून आलं की वर्गातली निम्मी पोरं अडखळतात. मी तिच्या हातात खडू दिला, म्हटलं लिही अठ्ठावन्न. तिनं फळ्यावर ८५ लिहिलं.

रात्री ते ८५ डोक्यातून जाईना. हिशोब या पोरीकडं आहे, लिहिणं तुटलंय. आम्ही तिचं लिहिणं तपासतो आणि तिला काहीच येत नाही असा शेरा मारून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. तिला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. ती बोलली तसंच फळ्यावर उतरवलं: “आमी कोपीत ऱ्हात व्हतो. आय अन् बाप पाटंचं उठून फडात जायचे. मी मपल्या भावाला संबाळीत व्हते. रातीला गाडी भरायला समदेच उठायचे.” मागून एक मुलगा ओरडला, “बाई, मपल्या नसतंय, माझ्या असतंय!” मी म्हटलं, ती मपल्या म्हणाली, म्हणून मपल्या लिहिलंय, पुस्तकात माझ्या असतं, दोन्ही तुम्हाला यायला पाहिजे. मग तिनं बोट ठेवून वाचलं. स्वतःचंच बोलणं, त्यामुळं पुढचा शब्द तिला आधीच माहीत. दुसऱ्यांदा वाचताना ‘रातीला’वर थांबली, मागं गेली आणि स्वतःच दुरुस्त केलं.

त्यातले पाच शब्द पट्ट्यांवर लिहून दिले: कोपी, पाचट, मोळी, कोयता, गाडी. ते कात्रीनं कापून अक्षरं सुटी केली आणि जुळवायला बसवलं. पाच, ताट, गाय, पाय. मग ट ला वेलांटी देऊन पाटी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदा शब्द झाले. कोपीवरून आलेली आणखी तीन पोरं न बोलावता येऊन बसली.

मला विचारायचंय ते हे, की आपल्याकडं असं शिकवणारे कोण कोण आहेत? काय जमलं, काय फसलं? २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासननिर्णय आला तेव्हा ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराची, लाट आली होती. साताऱ्याच्या कुमठे बीटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाला, बसेस भरून शिक्षक जाऊन आले, मीही गेले होते. तिथलं काम खरंच बघण्यासारखं होतं. पण परत येऊन पुष्कळांनी आधी ऑइलपेंट आणला आणि फरशी रंगवली. आमच्याही फरशीवर संख्यांचा साप होता. पुसू नये म्हणून त्यावर सतरंजी अंथरली जायची. रंग उडाला आणि विषय संपला. मूल काय घेऊन वर्गात येतं, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही माझ्यासमोर बसलेला आहे.

दोन मुलींचा बाबा | ४ एप्रिल, रात्री १०.२५

बाई, तुमची तळमळ कळते. पण एक बापाचं मन म्हणून लिहितो, राग मानू नका.

मी वाळूजला कंपनीत आहे. माझं गाव तुमच्याच पट्ट्यातलं. आजोबा कोयत्यावर होते, वडील शिकले म्हणून आम्ही सुटलो. माझा चुलतभाऊ लातूर पॅटर्नमधून डॉक्टर झाला. पहाटे चारपासून सराव, प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका. त्यानं घर वर आलं. त्या मुलीला आज ‘कोपी’ आणि ‘मपल्या’ लिहून आनंद होईल, पण पाचवीत नवोदयची परीक्षा आली तर तिथं ८० प्रश्न असतात आणि दोन तास. तिथं कोपी विचारत नाहीत. गरिबाच्या लेकराला बोलीभाषा आणि श्रीमंताच्या लेकराला स्पर्धा परीक्षा, अशी वाटणी होऊ नये एवढीच भीती आहे.

मांजराकाठ | ५ एप्रिल, सकाळी ७.१०

बाबांची भीती खोटी नाही. मी लातूर जिल्ह्यातच सहावी-सातवीला शिकवतो, त्या पॅटर्नच्या सावलीत. सरावाला माझा विरोध नाही. पण सराव कशाचा करायचा, ते आधी डोक्यात बसलेलं लागतं. माझा एक पाठ सांगतो, दरवर्षी एप्रिलमध्ये घेतो.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाणीगाडी लातूरला आली. आज सहावीत असलेली पोरं तेव्हा फार तर तान्ही होती, त्यांनी ते फक्त ऐकलंय. मी फळ्यावर एवढंच लिहितो: वॅगन १०, एका वॅगनमध्ये ५०,००० लिटर. पोरं गुणाकार करतात, पाच लाख लिटर. सगळे एका सुरात “बाप रे!” म्हणतात. मग विचारतो, लातूर शहरात माणशी किती आलं असेल? कुणी हजार लिटर म्हणतं, कुणी शंभर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या वर होती. भागाकार मांडायला लावतो. दशांश चिन्हाची भीती असलेली पोरंसुद्धा तिथं थांबत नाहीत, कारण उत्तर हवं असतं. उत्तर येतं साधारण १.३ लिटर.

वर्ग एकदम शांत होतो. एक वर्षी एका मुलानं उठून माठावरचा तांब्या आणला आणि मापून बघितला. लिटरला थोडा कमी भरला. म्हणजे एवढी मोठी गाडी आली आणि वाट्याला तांब्याहून जरासं जास्त. पुढं ५० वॅगनची गाडी सुरू झाली तेव्हा २५ लाख लिटर यायचं, ते माणशी साडेसहा लिटर. पोरं स्वतःच म्हणतात, आंघोळ नाही होत सर यात.

दुसऱ्या दिवशी गृहपाठ: घरात दिवसाला किती घागरी लागतात आणि त्या कोण आणतं. तक्ता भरला की ‘कोण आणतं’ या रकान्यात आई, ताई, आजी, मी. हा ‘मी’ जवळजवळ प्रत्येक वेळी मुलीचा. त्यावर वर्गात जी चर्चा होते, ती मी कधी शिकवलेली नाही.

आणि जूनमध्ये बाटली कापून पर्जन्यमापक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, हे एकदा हातानं ओतून दाखवलं की आयुष्यभर विसरत नाहीत. आमच्या शाळेचं पत्र्याचं छत पोरांनी टेपनं मोजलं, ६० चौरस मीटर भरलं. दहा मिलिमीटर पाऊस पडला की ६०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जातं. ते पाणी अडवायची टाकी पोरांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत स्वतः मागितली, आकडेमोड दाखवून. मिळाली.

बाबा, ही पोरं स्पर्धा परीक्षेत मागं पडत नाहीत. क्षेत्रफळ आणि एकक रूपांतर यांना पाठ करावं लागत नाही.

निवृत्त गुरुजी | ५ एप्रिल, दुपारी १२.३०

धाराशिव जिल्ह्यात तीस वर्षांहून जास्त मास्तरकी केली, म्हणून दोन शब्द.

बाई, तुम्ही केलंत ते जुनंच आहे, आणि जुनं आहे म्हणून भरवशाचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला तेच केलं. गुरं राखणारी आदिवासी लेकरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. लेकरू जिथं आहे तिथून सुरुवात.

अपूर्णांकांना माझ्या वर्गात फार त्रास व्हायचा. मग एका वर्षी घरातली लोखंडी मापं पोत्यात घालून शाळेत नेली. पायली, शेर, मापटं, चिपटं. सोबत पाच पायल्या ज्वारी. खाली चादर अंथरली आणि पोरांना म्हटलं, भरा. चार चिपट्यांत शेर भरतो, दोन मापट्यांत शेर भरतो, चार शेरांत पायली. पायलीत चिपटी किती? एका पोरानं सोळा वेळा ओतून सांगितलं, दुसऱ्यानं न ओतता सांगितलं. त्या दुसऱ्याला मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, “चार-चारदा चार.” मग खडू घेतला आणि चिपट्याखाली १/४ लिहिलं, मापट्याखाली १/२. दोन चिपटी मापट्यात ओतून दाखवली आणि १/४ + १/४ = १/२ लिहिलं. बेरीज करताना वरचे आणि खालचे आकडे मिळवून २/८ लिहिणारा एकही पोरगा त्या वर्षी निघाला नाही.

त्यानंतर मी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले. हे मुद्दाम लिहितोय. नव्या पद्धतीच्या नादात पाठांतराला नावं ठेवायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. आमच्या आज्याला बाजारात अडीचकीचा जो उपयोग होता तो कॅल्क्युलेटरला नव्हता. फक्त आधी ज्वारी, मग पाढा. उलटं केलं की पाढा पोपटपंची होतो.

आणखी एक आठवण. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. आमची शाळा नंतर कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. पोरं चित्रं काढायची ती एकाच गोष्टीची. पाठ्यपुस्तक उघडायची माझी हिंमत होईना. एक दिवस पाचवीतल्या एका मुलानं विचारलं, “गुरुजी, कुडाच्या खोपटातले वाचले अन् वाड्यातले कामून गेले?” त्या प्रश्नावर आम्ही पंधरा दिवस घातले. गावातल्या भिंती दगड-मातीच्या, दोन दोन हात जाड, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं, ओझं. पोरांनी ओल्या मातीत गोटे बसवून छोट्या भिंती केल्या आणि फळीवर ठेवून हलवल्या. आत-बाहेर दोन थर वेगळे राहिले की भिंत पोट काढून फुटायची, आरपार लांब दगड घातला की टिकायची. माळवद म्हणून वर विटा ठेवल्या की लवकर कोसळायची. बोलता बोलता पोरं आपापल्या घराबद्दल सांगायला लागली. त्याआधी ती महिनाभर बोललीच नव्हती. विज्ञान शिकवलं की त्यांचं दुःख ऐकलं, हे मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

तांड्यावरचा | ५ एप्रिल, रात्री ८.५०

गुरुजी, तुमचं वाचून काही वेळ मोबाइल बाजूला ठेवला.

मी नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यावर वाढलो. आमच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. आई म्हणजे याडी, भाकरी म्हणजे बाटी. पहिलीत बाईंनी भाकरीचं चित्र दाखवून विचारलं हे काय, मी जोरात म्हणालो बाटी. वर्ग हसला. बाईंनीही हसून “भाकरी म्हण” म्हटलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी पुढं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही, आणि वर्षाच्या शेवटी वडिलांना सांगितलं गेलं की पोरगं मंद आहे.

दुसरीला नवे सर आले. त्यांनी भिंतीला एक मोठा कागद चिकटवला, तीन रकाने: चित्र, मराठी, गोरमाटी. तिसरा रकाना त्यांना भरता येत नव्हता, म्हणून रोज आमच्यापैकी एकाला पुढं बोलवायचे आणि विचारायचे, तुमच्यात काय म्हणतात? मी सांगायचो, ते देवनागरीत लिहायचे, चुकले की मी दुरुस्त करायचो. सरांना आपण शिकवतोय! तांड्यावर जाऊन ही बातमी मी याडीला दहा वेळा सांगितली असेल. मराठी मला त्या कागदावरून आली.

शिक्षण हक्क कायद्यात, कलम २९ मध्ये, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. आमच्या सरांनी ते आपणहून केलं. तेव्हा तो कायदा झालाही नव्हता.

आता दोन मुलींच्या बाबांच्या मुद्द्यावर. तुम्ही म्हणता ती वाटणी होऊ शकते, जर बाई ‘मपल्या’वरच थांबल्या तर. तिथून ‘माझ्या’पर्यंत नेलं तर नाही होणार. मी आज बँकेत आहे, स्पर्धा परीक्षा देऊनच लागलो. पहिलीतल्या बाईंच्या रस्त्यानं गेलो असतो तर तिसरीत शाळा सुटली असती, माझ्याबरोबरच्या चौघांची सुटली तशी.

निवृत्त गुरुजी | ५ एप्रिल, रात्री ९.१५

तांड्यावरचे, माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले. वरच्या वर्गात गेलं की उर्दूतून शिकावं लागायचं. घरी मराठी, शाळेत उर्दू. ते सांगायचे, भूगोल कळायचा पण उत्तर देताना जीभ जड व्हायची. मराठवाड्यानं परक्या भाषेतली शाळा भोगलेली आहे. तरी आपल्याच तांड्यावरच्या लेकराला आपण तेच करतो, हे मला फार उशिरा उमगलं.

सीमेवरचा मास्तर | ६ एप्रिल, सकाळी ६.४५

देगलूरकडचा. बाईंच्या ८५ वर लिहितो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

ती मुलगी चुकली नाही, तिनं ऐकलं तसं लिहिलं. ‘अठ्ठावन्न’मध्ये आठ आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. आमच्याकडं तेलुगू घरातली पोरं येतात. तेलुगूत एकवीसला ‘इरवै ओकटि’, म्हणजे वीस आणि एक. कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’, तेही वीस आधी. त्यांना मराठी संख्या शिकताना डोकं उलटं करावं लागतं. आणि ‘एकोणसाठ’ तर आणखी अवघड. त्यात साठ ऐकू येतं, म्हणून पोरं ६१ नाहीतर ६९ लिहितात.

२०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास आठ’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मराठी बुडाली म्हणून. माझ्या वर्गात मात्र त्यानं फार सोपं झालं. मी दोन्ही म्हणून घेतो. शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे अशी ओवलेली. पन्नासपर्यंत पाच उड्या, पुढं आठ मणी. “पन्नास आठ, अठ्ठावन्न.” बोट आधी दहाच्या गठ्ठ्यांवर जातं, मग सुट्ट्यांवर, आणि लिहिताना हातही त्याच क्रमानं चालतो. बाई, दोन आठवडे हे करून बघा. मणी नसतील तर चिंचोके आणि सागरगोटे चालतील.

पहिलीच शाळा | ६ एप्रिल, दुपारी २.०५

मी हिंगोली जिल्ह्यात नुकतीच रुजू झाले आहे. सगळं वाचून भारावले, पण खरं सांगते, जमणार कसं? दुसऱ्या सरांना सारखी कुठली तरी माहिती भरायला, बैठकीला जावं लागतं. मग चार वर्ग माझ्या एकटीवर. एका मुलीचं बोलणं फळ्यावर लिहीत बसले तर बाकीची तीस पोरं काय करतील? आणि अभ्यासक्रम?

बालाघाटची बाई | ६ एप्रिल, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पहिलीच शाळा’ला आधी उत्तर देते, कारण तिचा प्रश्न सगळ्यात खरा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक दिलेत. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये. प्रत्यक्षात फोटो, लिंका आणि तक्ते यांत किती तास जातात ते तू बघतेच आहेस. त्यासाठी संघटनेत बोलूच, बोलायलाच हवं. पण उद्या सकाळी वर्ग तर भरणार आहे. म्हणून मी करते ते सांगते.

परिपाठानंतरचा पहिला तास इयत्ता विसरायची. चारही वर्ग एकत्र, गट पातळीचे. अक्षरावर असलेले एका कोपऱ्यात, शब्दावर असलेले दुसऱ्या, उतारा वाचणारे ओट्यावर पुस्तकपेटीजवळ. ओट्यावरच्यांना माझी गरज कमी. ते वाचतात आणि आवडलेली एक ओळ वहीत उतरवतात. शब्द गटाला कापलेल्या पट्ट्या. मी बसते अक्षर गटात. रोज एकाच मुलाचं बोलणं फळ्यावर, तीन किंवा चार वाक्यं, जास्त नाही. तेच वाक्य शब्द गट वहीत घेतो. म्हणजे एकाचं बोलणं बाराजणांचा धडा होतो. चौथीतली चार पोरं आळीपाळीनं ‘छोटे गुरुजी’. त्यांचा वेळ वाया जातो असं मला आधी वाटायचं. आता बघते, शिकवताना त्यांचंच पक्कं होतं.

हा एकच तास. बाकी दिवस पुस्तकाप्रमाणे इयत्तावार. अभ्यासक्रम मागं राहत नाही, कारण वाचता येणारी पोरं परिसर अभ्यास भराभर पुढं नेतात. शनिवारी दप्तर नसतं. तेव्हा गावात जातो, कधी कुंभाराकडं, कधी बारवेवर. बारवेच्या पायऱ्या मोजायला गेलो आणि उतरताना एक आकडा, चढताना दुसरा आला म्हणून अर्धा तास भांडण चाललं. शेवटी पाण्याखालची पायरी धरायची की नाही, यावरून घोळ झाल्याचं एका तिसरीतल्या पोरीनं शोधलं.

फसलं तेही सांगते, कारण मी स्वतःच विचारलं होतं. फडावरून आलेल्या दुसऱ्या एका मुलाला मी त्याच उत्साहात पुढं बोलावलं, सांग रे तिकडचं. तो उभा राहिला, एक शब्द बोलला नाही, मग डोळ्यांतून पाणी. नंतर कळलं, हंगामात त्यांचा एक बैल गाडीखाली सापडून मेला आणि उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटली नाही म्हणून बाप अजून मुकादमाकडंच आहे. चार पोरांसमोर मी त्याला उघडं पाडलं होतं. तेव्हापासून विचारते, काय सांगायचंय ते तू ठरव, घरचं, खेळातलं, स्वप्नातलं, काहीही. तो मुलगा तीन दिवसांनी आला आणि त्यानं बैलाचंच सांगितलं, पण जिवंत असतानाचं. “राजा हाक मारली की मान वळवायचा.” ‘मान वळवायचा’ हे दोन शब्द त्यानं आता कुठंही दाखवा, वाचतो.

दोन मुलींचे बाबा, तुमचं गणित मी मांडून बघितलं. ८० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. हिशोबाला माझ्या पोरीला दीड मिनिट लागणार नाही. प्रश्न वाचायलाच तिला तीन मिनिटं लागतील, तिथं ती हरेल. म्हणून मला तिला लवकरात लवकर वाचती करायची आहे, आणि तिच्या स्वतःच्या शब्दांपेक्षा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

दोन मुलींचा बाबा | ७ एप्रिल, सकाळी ८.००

बाई, दीड मिनिटाचा हिशोब पटला. राजाचं वाचून माझ्या आजोबांची आठवण आली, त्यांच्याही बैलाचं नाव हेच होतं. धाकटीला काल रात्री विचारलं, अठ्ठावन्न लिही. बरोबर लिहिलं. मग म्हटलं, बारा पेंढ्यांचं गणित सोडव. इंग्रजी शाळेत चौथीत आहे, वही मागितली आणि कोणती क्रिया करायची असं विचारलं. मी रविवारी तिला घेऊन भाजी मंडईत जाणार आहे, पैसे तिच्या हातात देऊन.

शाळेला मण्यांच्या माळा लागणार असतील तर इथं गुलमंडीत मणी मिळतात. किती पाठवू?

मांजराकाठ | ७ एप्रिल, सकाळी ९.३०

बाई, एक सुचवू? तुमच्या मुलांनी सांगितलेलं आमच्या सहावीला पाठवा. आमची पोरं पत्रानं उत्तर देतील. लिहायला खरंखुरं कुणीतरी समोर असलं की शुद्धलेखनाची काळजी ती आपोआप घेतात, हा माझा अनुभव आहे. पावसाच्या नोंदीही जूनपासून दोन्ही शाळांनी ठेवू, बालाघाटावर किती पडला आणि मांजरेकाठी किती, ते पोरंच ताडून बघतील.

बालाघाटची बाई | ११ एप्रिल, रात्री ९.०५

बाबा, पंचवीस माळा पुरतील. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

सीमेवरच्या मास्तरांची माळ मी तोवर चिंचोक्यांची केली, निम्मे चिंचोके चुन्यानं पांढरे करून. पाच दिवस झाले. काल तिला अठ्ठावन्न सांगितलं. तिनं खडू उचलला, आठ लिहिता लिहिता थांबली, ओठांतल्या ओठांत “पन्नास आठ” म्हणाली, आठ तळहातानं पुसला आणि ५८ लिहिलं. एकोणसाठ अजून चुकतंय.

मांजराकाठ, पोस्टातून पन्नास पोस्टकार्डं आणलीत, पन्नास पैशांना एक. पहिलं पत्र तिनंच लिहिलंय. ‘मपल्या’ लिहून खोडलं आणि ‘माझ्या’ केलं, मग मला विचारलं, “लातूरच्या पोरांना मपल्या कळतंय का?” मी म्हटलं, विचारून बघ. तिनं पत्राच्या शेवटी तोच प्रश्न लिहिलाय. सोमवारी पेटीत टाकतो, आठ पत्रं आहेत.